एकांड्या माश्या : परसबागेत ओळखायच्या कशा, राखायच्या कशा

बागेत फुलं लावली की माश्या येतात. त्या राहतात कुठे, हे मात्र फार थोडे जण विचारतात. भारतात मधमाश्यांच्या कुळातल्या ७०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या राणी आणि कामकरी असा मोठा संसार करणाऱ्या जाती बोटांवर मोजण्याइतक्या आहेत: आग्या, सातेरी, फुलोरी, पोयाची माशी. उरलेल्यांपैकी बहुतेक एकांड्या. एकच मादी बीळ खणते किंवा तयार पोकळी शोधते, आत एक कप्पा करते, त्यात पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवते, वर एक अंडं घालते, कप्पा बंद करते आणि पुढच्या कप्प्याला लागते. पिल्लू बाहेर पडेपर्यंत बहुतेक वेळा आई जिवंत नसते. या माशीकडून मध मिळत नाही, म्हणून तिला कोणी पाळत नाही, आणि तिचं घर मोडलं तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

ते घर रोजच्या कामात मोडतं. अंगणाला पेव्हर ब्लॉक बसवले, वाळक्या काड्या झाडून जाळल्या, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की एकेका जातीची राहायची सोय संपते. बाग फुलांनी भरलेली असली तरी तिथे पिढी वाढत नाही. म्हणून पुढे फुलांपेक्षा घरांबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी माशी आहे का, ते पाहा

फुलावर घोंघावणारं सगळंच मधमाशी नसतं. पिवळे-काळे पट्टे असलेली, हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबणारी लहान माशी दिसली तर डोळे आणि मिशा बघा. डोळ्यांनी जवळजवळ सगळं डोकं व्यापलेलं असेल, मिशा अगदी आखूड असतील आणि पंखांची एकच जोडी असेल, तर ती फुलांवर येणारी साधी माशी. तीही बागेच्या कामाची, कारण तिच्या बऱ्याच भाईबंदांच्या अळ्या मावा खातात. अंग गुळगुळीत, कंबर दोऱ्यासारखी बारीक आणि पाय लोंबते असतील तर ती गांधीलमाशी किंवा कुंभारमाशी. मधमाशीच्या अंगावर केस असतात, पंखांच्या दोन जोड्या असतात आणि मिशा कोपरात वाकल्यासारख्या असतात.

सगळ्यांत सोपी खूण पराग कुठे भरला आहे ही. सातेरीच्या मागच्या पायांवर ओलसर, घट्ट गोळी दिसते. एकांड्या माशीचा पराग कोरडा, भुरभुरीत, पायांवरच्या केसांत अडकलेला असतो. आणि पोटाचा खालचा भाग पिवळ्या किंवा पांढऱ्या पिठानं माखलेला दिसला तर ती जवळजवळ नक्की पानकापी माशी किंवा तिची नातलग, कारण हे कूळ पराग पोटाखाली वाहतं.

परसबागेत हमखास दिसणाऱ्या काही:

निळपट्टी माशी, म्हणजे अमेजिला. सातेरीपेक्षा थोडी भरीव, पोटावर निळे चमकदार पट्टे, उडण्याचा आवाज उंच. एका फुलावर क्षणभर थांबून झटक्यात दुसरीकडे जाते. तुळस आणि सब्जा तिला फार आवडतात. ती मातीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते.

पानकापी, म्हणजे मेगाकाइल. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखे गोल किंवा लांबट तुकडे गेलेले दिसले की ही बागेत आहे असं समजा. लांबट तुकड्यांनी ती कप्प्याच्या भिंती लिंपते आणि गोल तुकड्यांनी झाकण करते. झाडाचं यात नुकसान नाही. पानं कुरतडून चाळणी करणारे भुंगेरे वेगळे. त्यांच्या कडा वाकड्यातिकड्या असतात आणि ते पानाच्या मधूनही खातात.

भुंगा, म्हणजे झायलोकोपा. २ ते ३ सेंटिमीटर, काळा, पंखांवर निळी-जांभळी झाक. काही जातींत मादीच्या पाठीवर पिवळे केस असतात आणि नर पूर्ण सोनेरी-हिरवट दिसतो. रुईच्या फुलाचं परागण मुख्यतः हाच करतो. मारुतीला घालायच्या माळेसाठी घरी रुई लावली असेल तर भुंगा पाहायला दुसरीकडे जायला नको.

सेराटिना, ५ ते ८ मिलिमीटर, हिरवी-निळी धातूसारखी चमक, केस फार थोडे, त्यामुळे लोक तिला चमकणारी मुंगी किंवा चिलट समजून सोडून देतात. वाळक्या काडीच्या मऊ गाभ्यात राहते. हिच्याएवढ्याच करड्या-काळ्या, जमिनीत बीळ करणाऱ्या माश्या हॅलिक्टिड कुळातल्या. चिनी गुलाबाच्या, म्हणजे सकाळी उमलणाऱ्या त्या ऑफिस टाइमच्या फुलात त्या लोळताना दिसतात.

आणि काळ्या अंगावर आकाशी ठिपके असलेली देखणी माशी दिसली तर ती थायरियस. ती स्वतः घर करत नाही, निळपट्टीच्या बिळात चोरून अंडं घालते. तिला हाकलू नका. ती आली याचा अर्थ तुमच्या आसपास निळपट्टीची बिळं आहेत.

दहा मिनिटांचं निरीक्षण

साधनं थोडी: वही, पेन्सिल, फोन. वेळ सकाळी ८ ते ११, ऊन पडलेलं, वारा कमी. पाऊस थांबून ऊन आल्यावरचा पहिला तासही चांगला. एकच झाड किंवा साधारण एक मीटर बाय एक मीटरचा फुललेला पट्टा निवडा आणि हाताच्या अंतरावर अशा जागी उभं राहा की तुमची सावली फुलांवर पडणार नाही. सावली पडली की माश्या निघून जातात, आणि माणूस हलला नाही तर दोन मिनिटांत परत येतात.

दहा मिनिटं फक्त त्या पट्ट्यावर येणाऱ्या माश्या मोजा. तारीख, वेळ, झाड, ऊन की ढग, आणि माशीचा प्रकार लिहा. जातीचं नाव येत नसेल तर "सातेरीपेक्षा लहान, काळी, पोटाखाली पांढरा पराग" असं लिहिलं तरी चालेल. आकारासाठी घरातली ओळखीची मापं घ्या: सातेरी साधारण १ सेंटिमीटर, पोयाची माशी ४ मिलिमीटर, आग्या पावणेदोन सेंटिमीटरच्या पुढे. काही दिसलं नाही तर शून्य लिहा. शून्य न लिहिलेल्या वहीतून पुढे काही कळत नाही.

आठवड्यातून एकदा, त्याच झाडाशी, त्याच वेळी हे करा. वर्षभरात कोणती माशी कोणत्या महिन्यात येते आणि कोणत्या महिन्यात बागेत खायला काही नसतं, हे वहीच सांगेल.

फोनवर फोटो घेताना झूम करून नंतर कापण्यापेक्षा जवळून दहा-बारा फोटो पटापट काढा. एक वरून, एक बाजूनं आणि शक्य असेल तर चेहऱ्याचा. पाय आणि पंखांच्या शिरा दिसल्या तर जाणकाराला कुळापर्यंत पोचता येतं. आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या दोन्ही ठिकाणी फोटो टाकून ओळख विचारता येते. फोटोसोबत फुलाचं नाव जरूर द्या. फोटोसाठी माशी बरणीत पकडून फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर ती उडेलच याचा भरवसा नसतो.

संध्याकाळी वेगळंच बघायला मिळतं. सूर्य मावळताना तुळशीच्या वाळक्या काडीवर, गवताच्या पात्यावर किंवा वेलीच्या तणाव्यावर निळपट्टीचे नर ओळीनं येऊन बसतात. ते जबड्यानं काडी धरतात आणि कित्येकदा पाय मोकळे सोडून रात्रभर तसेच लटकतात. रोज त्याच काडीवर येतात. ती काडी छाटू नका, आणि जवळ जायचं तर मंद उजेडानं जा. नर माश्यांना नांगी नसते.

जमिनीतली घरं

एकांड्या माश्यांत जमिनीत राहणाऱ्याच जास्त, आणि नेमकी त्यांच्यासाठी कोणी जागा ठेवत नाही.

बीळ ओळखायचं असं: उघड्या मातीत ३ ते ८ मिलिमीटरचं गोल तोंड, भोवती मोकळ्या मातीची छोटी रास, आणि एका वेळी एकच माशी आत-बाहेर करते. मुंग्यांच्या वारुळाशी सतत रांग असते, तशी इथे नसते. सकाळी पहिल्यांदा बाहेर पडणारी माशी बिळाकडे तोंड करून मागे-मागे घिरट्या घालते. ती आजूबाजूचे दगड, कुंड्या, काटक्या पाठ करत असते. म्हणून बीळ सापडलं की त्याभोवतीच्या कुंड्या हलवू नका, झाडूनं राडा करू नका. खूण करायची असेल तर बिळापासून निदान एक हात लांब खराट्याची काडी रोवा. अगदी जवळ रोवली तर परत आलेली माशी घर शोधत फिरत राहते.

जागा करायची तर अंगणातला निदान ६० बाय ६० सेंटिमीटरचा तुकडा निवडा, जिथे सकाळपासून पाच-सहा तास ऊन येतं. गवत उपटून माती उघडी करा आणि भोवतालापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच करा, म्हणजे पावसाळ्यात पाणी साचणार नाही. एका बाजूला थोडा उतार द्या. वर पाचोळा घालू नका, प्लास्टिक अंथरू नका, शेणानं सारवू नका. आच्छादनानं बागेतली बाकीची माती सुधारते, पण या तुकड्यावर ते टाकलं तर माशीला माती दिसतच नाही. नंतर तो तुकडा खणायचा नाही, कारण अळ्या खाली कोषात असतात आणि वर बीळ बुजलेलं दिसलं तरी आत जीव असतो. पाइपनं पाणी मारताना एवढा भाग सोडा.

काळ्या मातीच्या भागात ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. काळी माती उन्हाळ्यात चिरते आणि पावसात फुगते, त्यामुळे बीळ टिकत नाही. तिथे वरचे ३० सेंटिमीटर काढून दोन भाग चाळलेली तांबडी माती आणि एक भाग बारीक वाळू भरून हातानं दाबा. गच्चीवर हेच मिश्रण ३० सेंटिमीटर खोल कुंडीत भरून, पाणी न घालता उन्हात ठेवता येतं. पहिल्या वर्षी त्यात कोणी आलं नाही तर माती बदलत बसू नका, तशीच राहू द्या.

निळपट्टीसाठी उभी मातीची भिंत जास्त बरी. जुन्या वाड्यांच्या आणि गोठ्यांच्या भिंतींत ती पिढ्यान्‌पिढ्या राहते. भिंत नसेल तर मातीची वीट करा. तेलाचा रिकामा डबा आडवा कापून साचा घ्या. तीन भाग तांबडी माती, एक भाग वाळू, पोळीच्या कणकेपेक्षा थोडं घट्ट मळून १५ सेंटिमीटर जाडीची वीट थापा. ओली असताना पेन्सिलनं एका बाजूला दोन-तीन सेंटिमीटर खोल पाच-सहा भोकं पाडा. पुढचं बीळ माशी स्वतः खणेल. वीट सावलीत आठवडाभर वाळवा आणि नखानं ओरखडून बघा. भुकटी सुटली तर बरोबर. ओरखडा उठतच नसेल तर माशीलाही ती खणता येणार नाही, वाळू वाढवून पुन्हा करा. मजबुतीसाठी चमचाभरही सिमेंट घालू नका. तयार वीट पागोळीच्या आत, जमिनीपासून हातभर वर, सकाळचं ऊन येईल अशी ठेवा. एका पावसाच्या सरीत ती विरघळते.

काड्या, बोरू आणि बांबू

बाजारात मिळणारे "बी हॉटेल" बहुतेक वेळा दिसायला छान आणि राहायला वाईट असतात. भोकं ५–६ सेंटिमीटरच खोल, कडा फाटक्या, मागची बाजू उघडी, मध्ये पाइनचे शंकू भरलेले. घरी केलेलं बरं.

बोरू, म्हणजे लेखणीसाठी वापरतात ती पोकळ काडी, ४ ते ८ मिलिमीटर आतल्या व्यासाची मिळाली तर पानकापीसाठी याहून चांगलं काही नाही. बांबू घ्यायचा तर पोकळ घ्या. आपल्याकडच्या काही जाती जवळजवळ भरीव असतात. हॅक्सॉ ब्लेडनं असे कापा की प्रत्येक तुकडा १५ ते १८ सेंटिमीटर लांब होईल आणि एका टोकाला पेराची गाठ राहील. ती गाठ मागची भिंत. उघड्या तोंडाची कड पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा, कारण कुसळ राहिलं तर पंख फाटतात. आतला भुसा फुंकून काढा.

खोलीचा आग्रह उगाच धरलेला नाही. मादी मुलींची अंडी आतल्या कप्प्यांत आणि मुलांची बाहेरच्या बाजूला घालते. भोक आखूड असेल तर नरच जास्त निपजतात आणि पुढच्या वर्षी घर करायला माद्या कमी पडतात.

एका जुडीत १५ ते २० काड्या पुरे: निम्म्या ६ ते ८ मिलिमीटरच्या, थोड्या ३ ते ५ च्या, दोन-तीन १० च्या. सुतळीनं घट्ट बांधा किंवा पत्र्याच्या डब्यात ठासून बसवा, एकही काडी हलता कामा नये. भिंतीला पक्की लावा. वाऱ्यावर झुलणाऱ्या जुडीत माशी येत नाही. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला, उंची छातीएवढी, वर छप्पर. कोकणात आणि घाटमाथ्यावर नैर्ऋत्येकडे तोंड केलं तर पहिल्याच पावसात काड्या भिजून आत बुरशी येते. देशावर आणि विदर्भात उलटी अडचण असते: पश्चिमेकडून एप्रिल-मेचं दुपारचं ऊन पडलं तर अळ्या आतच होरपळतात. प्लास्टिकच्या नळ्या, स्ट्रॉ किंवा काचेच्या नळ्या वापरू नका, आतली वाफ बाहेर जात नाही आणि परागाचा गोळा सडतो.

लाकडाच्या ठोकळ्याला ड्रिलनं भोकं पाडायची असतील तर आंबा किंवा जांभळाचं वाळलेलं, रंग-पॉलिश नसलेलं लाकूड घ्या. भोकं ओंडक्याच्या कापलेल्या तोंडात न पाडता सालीच्या बाजूनं आडवी पाडा, नाहीतर चिरा जातात आणि चिरांतून पाणी व परजीवी दोन्ही शिरतात. दोन भोकांत २ सेंटिमीटर अंतर ठेवा.

सेराटिनासाठी काही बांधायची गरजच नाही. मऊ गाभ्याच्या फांद्या छाटताना वाळके दांडे हातभर उंच उभे ठेवा. कापलेल्या टोकातून ती गाभा कोरत आत जाते. टोकाशी बारीक भोक आणि पानावर पांढरा चुरा दिसला की दांडा वर्षभर तसाच राहू द्या.

काडीचं तोंड कशानं बंद झालं आहे त्यावरून आत कोण आहे ते सांगता येतं. हिरव्या किंवा वाळक्या पानांचं झाकण पानकापीचं. चिकट, चकाकतं, काळपट झाकण डिंक वापरणाऱ्या मेगाकाइलचं. तोंडातून वाळक्या गवताची दशी बाहेर आली असेल तर ती गवत वाहणारी शिकारी माशी. मातीचं झाकण बहुधा कुंभारमाशीच्या भाऊबंदांचं. त्या पिल्लांसाठी बागेतल्या अळ्या पकडून भरतात, तेव्हा त्यांनाही राहू द्या.

मोठा शत्रू मुंग्या. ज्या खिळ्यावर किंवा तारेवर जुडी टेकते तिथे दोन बोटं रुंद ग्रीसचा पट्टा द्या आणि एखादी फांदी किंवा वेल जुडीला टेकलेली नाही ना, ते दर पंधरा दिवसांनी बघा. खडू किंवा पावडर मारू नका, ती माशीलाही मारते. शेपटीसारखी लांब सुई असलेली बारीक काळी माशी जुडीभोवती फिरताना दिसेल. ती परजीवी आहे, थोडी असणारच. शंभर काड्यांचं एकच मोठं घर केलं तर मात्र तिचं फावतं. त्यापेक्षा बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत चार लहान जुड्या लावा.

दोन वर्षांनी काड्या बदला, पण जुन्या फेकू नका. जुडी आडवीच धरून, रात्री, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खोक्याला १२ मिलिमीटरचं एकच भोक पाडा आणि ते छपराखाली, उजेडाकडे तोंड करून ठेवा. आतल्या माश्या उजेडाच्या दिशेनं बाहेर पडतात, पण अंधाऱ्या खोक्यात परत जुन्या काड्यांत शिरत नाहीत. नवी जुडी शेजारी लावून ठेवलेली असावी. एक पूर्ण वर्ष गेल्यावरच जुन्या काड्या जाळा.

भुंग्याचं वेगळं. तो लाकूड खात नाही, फक्त कोरतो, आणि तेच घर पुढच्या पिढ्या वापरतात. पडवीच्या वाशाखाली खरखरीत भुसा आणि वर करंगळी जाईल एवढं गोल भोक दिसलं तर तो भुंगा. टाचणीएवढी भोकं आणि पिठासारखी भुकटी असेल तर ते लाकूडकिडे. वासा वाचवायचा तर त्याला तेल किंवा रंग लावा, भुंगा रंगवलेलं लाकूड सहसा टाळतो. जवळच छपराखाली पांगारा, सावर किंवा शेवग्याचा हातभर वाळका ओंडका, नाहीतर १२ ते १५ मिलिमीटर पोकळीचे बांबू आडवे टांगा. वाशातलं भोक बुजवायच्या आधी आठवडाभर संध्याकाळी लक्ष ठेवा. कोणी आत जात नाही याची खात्री झाल्यावरच बुजवा. तोंडासमोर येऊन गुरगुरणारा बहुधा नर असतो, त्याला नांगी नाही. मादी हातात दाबली तरच डंख मारते.

फुलं: बारा महिने काहीतरी

लहान माश्या घरापासून काहीशे मीटरच्या पलीकडे फारशा जात नाहीत. त्यामुळे एखादा महिना बाग कोरडी गेली तर त्यांना दुसरीकडे जाता येत नाही. आठ प्रकारची एकेक कुंडी ठेवण्यापेक्षा एकाच फुलाचा दाट पट्टा माशीला जास्त उपयोगी.

तुळशीपासून सुरुवात करा. झाड डेरेदार राहावं म्हणून आपण मंजिऱ्या खुडतो. तीन कुंड्या असतील तर आळीपाळीनं एकीच्याच खुडा, दोन फुलू द्या. सब्जा बी पेरल्यापासून दोन-अडीच महिन्यांत फुलतो आणि मे महिन्यात, बाकी काही नसताना, बाग सांभाळतो. पावसाळ्यात काकडी, कारलं, भोपळा आणि तेरडा. पाऊस उघडल्यावर तीळ, कारळा, सूर्यफूल, आणि कुंपणावर आइसक्रीम वेल. हिवाळ्यात तूर आणि वाल. तुरीच्या दोन झाडांवर पानकापी आणि भुंगे जितके दिसतात तितके महागड्या विदेशी फुलांवर दिसत नाहीत. कोथिंबीर, मुळा, मोहरी, मेथी यांचे काही दांडे न खुडता फुलायला सोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेवगा आणि लिंबू. भर पाकळ्यांची संकरित झेंडू किंवा दुहेरी जास्वंद माशीच्या फार कामाची नाही, पराग आणि मकरंदापर्यंत तिला पोचताच येत नाही. लावा हवी तर, पण माशीच्या हिशेबात धरू नका.

आणि कंबरमोडी उपटू नका, निदान कुंपणाकडेचा पट्टा सोडा. ती जवळजवळ वर्षभर फुलते आणि सगळ्यांत लहान माश्यांची भाकरी तीच आहे.

वांगं लावलं असेल तर सकाळी फुलाशी कान द्या. वांगं आणि टोमॅटोचा पराग नळीसारख्या परागकोशात बंद असतो, टोकाच्या भोकातून तो झटकून काढावा लागतो. निळपट्टी आणि भुंगा फुलाला मिठी मारून छातीचे स्नायू थरथरवतात, त्यासरशी पराग भुरकन खाली पडतो. उडण्यापेक्षा वेगळा, चढा "झीं" असा आवाज येतो. सातेरीला हे जमत नाही. म्हणून परागणासाठी मधमाशीची पेटी आणून ठेवली तरी वांग्याला तिचा उपयोग थोडा, आणि लहान बागेत तीच पेटी रानमाश्यांच्या तोंडचा मकरंद मात्र पळवते.

औषधं

इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम ही नावं बाटलीवर असतील तर ती बाटली बागेत नको, फवारायला नको आणि मातीत ओतायला तर अजिबात नको. ही औषधं झाडात मुरतात, परागात आणि मकरंदात उतरतात, आणि मातीत महिनोन्‌महिने राहतात. माशी तिथल्या तिथे मेली नाही तरी वाट चुकते आणि घरी पोचत नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या फुलझाडालाही ती दिलेली असू शकतात. विचारून घ्या, कळलं नाही तर पहिला बहर खुडून टाका.

"जैविक" लिहिलं म्हणजे निर्धोक असं नाही. स्पिनोसॅड ओलं असताना माश्यांना मारतं. कडुनिंबाचं तेल वापरायचं तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर तेल आणि एक-दोन मिलिलिटर द्रव साबण, सूर्य मावळल्यावर, पानांच्या खालच्या बाजूला. उमललेल्या फुलांवर आणि बिळांच्या तुकड्यावर थेंबही नको. माव्याला पाण्याची जोरदार धार पुरते, मात्र ती सलग तीन-चार दिवस मारावी लागते. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस लावून पुसा. घराला वाळवीचं औषध करायचं ठरलं तर ते भिंतीलगतच्या मातीत भरतात. बिळांचा तुकडा म्हणूनच भिंतीपासून दूर निवडा.

पाणी पसरट थाळीत ठेवा, त्यात खडे पाण्याच्या वर येतील असे रचा, नाहीतर माश्या बुडतात. दर दोन दिवसांनी थाळी घासून पाणी बदला, म्हणजे डासांच्या अळ्या होणार नाहीत. साखरपाणी किंवा दुकानातला मध ठेवू नका. त्यातून रोग पसरतात आणि थाळीवर मुंग्यांची रीघ लागते, जी पुढे काड्यांच्या जुडीपर्यंत पोचते.

पोळं लागलं तर

एकांड्या माश्यांपासून भीती जवळजवळ नाही. पोळ्यांचं तसं नाही, म्हणून फरक नीट ओळखा.

भिंतीच्या फटीतून किंवा मीटरच्या पेटीतून काळपट डिंकाची नळी बाहेर आली असेल आणि तिच्या तोंडाशी मुंगीएवढ्या काळ्या माश्या असतील, तर ती पोयाची माशी. तिला नांगी नाही. फार छेडलं तर केसांत शिरून चावते. फट बुजवू नका. झुडपाच्या फांदीवर हाताच्या तळव्याएवढं एकच पोळं असेल तर फुलोरी. छाटणी पुढे ढकला. फटीत किंवा झाडाच्या ढोलीत समांतर पोळी असतील तर सातेरी.

सज्जाखाली एकच मोठं, अर्धगोल, माश्यांनी झाकलेलं पोळं आग्याचं. त्याच्याशी खेळ नको. धूर, पाणी, फटाका, दगड काहीही नाही, आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून मारणंही नको. आग्या स्थलांतर करणारी माशी आहे, फुलोरा संपला की पोळं सोडून जाते. तोवर त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी लावा. रात्री तिकडचा दिवा बंद ठेवा, कारण आग्या माश्या उजेडाकडे येतात. शेजाऱ्यांना आणि सफाई कामगारांना कल्पना द्या. शाळा, दवाखाना किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर पोळं असेल आणि हलवणं भागच असेल, तर माश्या न मारता काम करणारे प्रशिक्षित लोकच बोलवा. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मधसंचालनालय. तिथे विचारणा करता येते.

माश्या उठल्याच तर हात झाडू नका. चेहरा कपड्यानं झाकून सरळ पळत घरात किंवा गाडीत जा आणि दार लावा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. रुतलेली नांगी नखानं, हाताला येईल तशी, लगेच काढा. जितका वेळ ती राहील तितकं विष आत जातं. जागा साबणानं धुवा, बर्फ लावा. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, अंगभर गांधी उठल्या, किंवा डंख खूप झाले असतील तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्या.